खिडकीची फट आणि पश्चिमेचा पाऊस

पहिला मोठा पाऊस झाला की पंधरा दिवसांत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडू लागतात. खिडकीखाली फुगलेला रंग, पडद्यामागे धरलेली काळी बुरशी, कडाप्प्यावर पिळून ठेवलेलं फडकं. खाली उत्तरही ठरलेलं असतं: ‘सिलिकॉन मारून घ्या.’ मग कोणीतरी ट्यूब आणि गन घेऊन येतो, आतल्या बाजूने चौकटीभोवती पांढरी रेघ ओढतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या जूनमध्ये ग्रुपवर तसाच फोटो पुन्हा येतो.

यात सिलिकॉनचा दोष फार थोडा. पाणी नुसतं अडवून थांबत नाही, त्याला बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी लागते. आणि जी फट बुजवायची ती उन्हापावसात हलत राहणार, हे धरूनच ती बुजवावी लागते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर साधी खिडकीही बरीच वर्षं कोरडी राहते. त्या सुटल्या तर महागातली महाग ट्यूबही दोन पावसाळे काढत नाही.

मुंबईचा पाऊस आधी समजून घ्यावा. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खिडकीच्या दृष्टीने आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. हा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर बसून येतो, तिरका येतो आणि पश्चिम-दक्षिणेच्या भिंतींवर आपटतो. एकाच मजल्यावर पूर्वेकडचा फ्लॅट कोरडा ठणठणीत आणि समोरचा ओलाचिंब, असं दिसतं ते यामुळे. दोघांचा बिल्डर एकच, गवंडीही एकच, पाऊस मात्र वेगळा.

वारा पाण्याला ढकलतो म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ७२ किलोमीटरचा झोत आला, म्हणजे सेकंदाला २० मीटर, तर भिंतीवर चौरस मीटरला साधारण २४० न्यूटन दाब पडतो. एवढा दाब पाण्याला सुमारे २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच, वर उचलून धरतो. आता सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅककडे पाहा. काचेवरून ओघळलेलं पाणी त्यात साचतं आणि बाहेरच्या बाजूच्या छोट्या चिरांतून निथळून जातं. वाऱ्याचा जोर वाढला की तेच पाणी ट्रॅकमध्ये चढतं, चिरांतून आत घुसणाऱ्या हवेने बुडबुडतं आणि आतली कड ठेंगणी असेल तर सरळ खोलीत येतं. अशा वेळी माणूस वैतागून त्या चिराच सिलिकॉनने बुजवून टाकतो. त्यातून पाणी आत येताना डोळ्यांनी दिसलेलं असतं, त्यामुळे हे कोणालाही पटतं. पण ती पाण्याची बाहेर जायची एकमेव वाट असते. ती बंद केल्यावर ट्रॅकचं टाकं होतं आणि वारा नसतानाही ते भरून आत सांडतं. चिरा मोकळ्याच ठेवायच्या, पावसाळ्याआधी जुन्या टूथब्रशने आणि तारेने साफ करायच्या. वाऱ्याचा फारच त्रास असेल तर बाहेरून बसवायची छोटी झाकणं मिळतात. ती पाणी बाहेर सोडतात आणि वारा बराचसा अडवतात.

आणखी एक गोष्ट बारीक फटीची. मोठी फट निदान डोळ्यांना दिसते आणि माणूस तिच्याकडे लक्ष देतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत पाणी कोणी न ढकलताही तीनेक सेंटीमीटर वर चढू शकतं. दिव्याची वात तेल ओढते तसाच हा प्रकार. म्हणून ‘एवढीशी तर चीर आहे’ या बोलण्याला खिडकीपाशी अर्थ नाही.

जुन्या लोकांनी या पावसाशी फटीपाशी लढाई केलीच नाही, त्यांनी त्याला भिंतीपासूनच लांब ठेवलं. कोकणात पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात. महाबळेश्वरला पावसाळ्याच्या तोंडावर घरांच्या भिंतींना गवताच्या झडी लावायची रीत आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती पाहाव्यात. त्या आणि ओव्हल मैदानालगतच्या व्हिक्टोरियन इमारती मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. खिडक्यांच्या डोक्यावरून भुवईसारखे फिरवलेले ते सलग छज्जे शोभेचे तर आहेतच, पण ऊन आणि पाऊसही अडवतात. पुढे चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलवर कांचनजंगा ही इमारत उभी केली, ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिथला पेच असा होता की समुद्राचा देखावा पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा हेही पश्चिमेलाच. कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचा विचार उचलला आणि घराच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. आतल्या खोल्यांपर्यंत पोचण्याआधीच पावसाचा जोर तिथे मोडतो.

नंतरच्या इमारतींत हे सगळं आटत गेलं. छज्जा वीतभर झाला, काही ठिकाणी तर उरलाच नाही. उरल्यासुरल्या जागेतही आपण हात घातला. फ्लॉवर बेड खोलीत घेतला, खिडकी छज्ज्याच्या पार कडेला नेऊन बसवली, खोली दोन फुटांनी वाढली. त्या दिवसापासून छज्ज्याच्या सावलीत असलेली चौकट भर पावसात उभी राहिली, आणि छज्जा, ढाळ, खोल गच्ची यांनी मिळून करायचं काम पाच-सहा मिलिमीटरच्या रबरी पट्टीवर येऊन पडलं. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. नवीन घर घेताना दिवाणखान्याची फरशी आपण दहा वेळा पाहतो, पण खिडकीच्या डोक्यावर छज्जा किती आहे आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, हे बहुतेक जण विचारतही नाहीत.

आता त्या पट्टीविषयी. लाकडी चौकटींच्या काळात काचेभोवती ‘लांबी’ भरत. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली ही लांबी सुताराच्या हाताखालची रोजची गोष्ट होती. ती वाळून दगडासारखी व्हायची, कालांतराने तडकायची आणि मग नवी भरावी लागायची. ॲल्युमिनियम आल्यावर तडकण्याचा प्रश्न वाढला, कारण ॲल्युमिनियम उन्हाने फार पसरतं, काँक्रीटच्या साधारण दुप्पट. पश्चिमेची दीड मीटर लांबीची चौकट दुपारी ६० अंशांपर्यंत तापली आणि रात्रीच्या सरीने २५ अंशांवर आली, तर तिची लांबी सव्वा मिलिमीटरने कमी होते. यूपीव्हीसीची चौकट तर ॲल्युमिनियमच्याही अडीच-तीन पट हलते. म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामधली फट रोज थोडी उघडते, थोडी मिटते. तिथे व्हाइट सिमेंट भरलं तर पहिल्याच उन्हाळ्यात केसासारखी चीर पडणार. आणि बारीक चीर काय करते ते वर आलंच आहे.

सिलिकॉन इथे उपयोगी पडतं ते ताणलं जातं म्हणून. त्याचा कणा वाळू-काचेसारखा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, म्हणून ऊन त्याला लवकर मोडू शकत नाही. चांगल्या सीलंटवर, म्हणजे फट बुजवायच्या अशा मालावर, वर्ग लिहिलेला असतो. वर्ग २५ म्हणजे १० मिलिमीटरची फट अडीच मिलिमीटरने उघडली किंवा मिटली तरी तो तुटणार नाही. दुकानात मात्र बहुतेक जण रंग आणि किंमत एवढंच विचारतात. विचारायचं ते वेगळं: ‘न्यूट्रल आहे का?’ स्वस्तातलं, काचेला आणि फिशटँकला वापरतात ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं. त्याला व्हिनेगरचा आंबूस वास येतो. हे आम्ल सिमेंट आणि संगमरवरातल्या चुन्याशी झगडतं, तिथे कमकुवत थर तयार होतो आणि पट्टी भिंतीपासून सुटते. धातूलाही ते चावतं. बाहेरच्या खिडकीला न्यूट्रल क्युअरचं, ‘वेदरप्रूफ’ म्हणून विकलं जाणारं सिलिकॉनच घ्यावं. संगमरवर किंवा ग्रॅनाइटची चौकट असेल तर दगडावर डाग न पाडणारं सिलिकॉन मागावं, कारण साध्या सिलिकॉनमधलं तेल दगडात झिरपून कायमची काळी किनार उमटवतं. ट्यूबच्या बुडाशी तारीख असते तीही वाचावी. मुदत टळलेली ट्यूब आठ दिवसांनीही चिकटच राहते.

सिलिकॉनवर रंग बसत नाही. सोसायटीच्या बाहेरच्या रंगकामात हा गोंधळ नेहमी होतो. आधी फटी सिलिकॉनने भरतात, बोटाने फासतात, मग त्यावर रंग मारतात आणि चौकटीभोवती हातभर पट्ट्यातला रंग सालपटासारखा सुटतो. भिंत रंगवायची असेल तर रंग बसणारं पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड सीलंट घ्यावं, नाहीतर रंग पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन भरावं. ॲक्रिलिक घराच्या आतल्या भेगांना ठीक. पश्चिमेच्या पावसासमोर ते उभं करू नये. आणि फवाऱ्याने भरायचा पिवळा फोम निव्वळ पोकळी भरण्यासाठी आहे. तो उघडा राहिला तर उन्हाने त्याचा भुसा होतो.

चांगला कारागीर एक खिडकी कशी हाताळतो ते जवळून पाहण्यासारखं असतं. त्याचा निम्म्याहून जास्त वेळ भरण्यात जातच नाही, उकरण्यात जातो. जुनी पट्टी तो पात्याने दोन्ही कडांनी कापतो, ओढून काढतो, उरलेली खरवडतो. जुन्यावर नवं कधीच चढवत नाही, कारण मळलेल्या पट्टीला नवीन सीलंट धरत नाही. मग तारेचा ब्रश, मग साधा ब्रश, धूळ निघेपर्यंत. ॲल्युमिनियमच्या कडेवरून स्पिरिटचं फडकं. गिलावा बोटाने चोळून पाहतो, भुसभुशीत असेल तर तेवढा उकरून पुन्हा करून घेतो, कारण सुटत्या गिलाव्याला चिकटलेलं सीलंट गिलाव्यासकट सुटतं. फट दोन बोटं रुंद असेल तर आधी चांगल्या मसाल्याने भरून तिला आठ-दहा मिलिमीटरवर आणतो. सीलंटने खड्डे भरत नाही.

यानंतर तो फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवतो. तिला बॅकर रॉड म्हणतात. मीटरला काही रुपयांत मिळणारी ही दोरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते, आणि माझ्या मते खिडक्या पुन्हा पुन्हा गळण्याचं हे मोठं कारण आहे. फटीपेक्षा पावपट जाड दोरी घ्यायची म्हणजे ती घट्ट बसते. तिच्यामुळे दोन कामं होतात. सीलंट किती खोल जाईल ते ठरतं. फट १२ मिलिमीटर रुंद असेल तर सीलंट ६ मिलिमीटर खोल, म्हणजे रुंदीच्या निम्मं. दुसरं, सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं, एकीकडे भिंत आणि दुसरीकडे चौकट. फोमला ते धरत नाही. दोरी नसेल तर ते मागच्या सिमेंटलाही चिकटतं, तीन बाजूंनी जखडतं आणि फट उघडताना ताणायला मोकळं राहत नाही. मग ते मधूनच फाटतं किंवा एका कडेने उचलतं. फाटलेली पट्टी पाहून आपण ब्रँडला दोष देतो.

भरणं मग काही मिनिटांचं. दोन्ही कडांना चिकटपट्टी, नळीचं टोक तिरकं कापलेलं, गन एका संथ गतीने सरकवत न तुटता रेघ. लगेच, साय धरायच्या आत, गोल टोकाच्या पट्टीने सीलंट आत दाबायचं. दाबणं दिसण्यासाठी नसतं, त्यानेच सीलंट दोन्ही कडांना घट्ट बसतं. मग सीलंट ओलं असतानाच चिकटपट्टी सोडवायची. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर वाळतं, बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. तोवर त्याला पाऊस आणि बोट दोन्ही लागू नये. २८० मिलिलिटरच्या एका ट्यूबमध्ये ६ बाय ६ मिलिमीटरची रेघ साधारण साडेसात मीटर जाते, म्हणजे चार बाय चार फुटांच्या दीड खिडक्या. एका ट्यूबमध्ये चार खिडक्या करून देतो म्हणणारा माणूस किती पातळ थर देणार, याचा अंदाज यावरून घ्यावा.

एवढं सगळं करूनही एखादा कोपरा गळतो, तेव्हा दोष बऱ्याचदा भिंतीच्या फटीत नसून चौकटीतच असतो. ॲल्युमिनियमची उभी आणि आडवी पट्टी खालच्या कोपऱ्यात स्क्रूने जोडलेली असते, आणि त्या सांध्यात काही भरलेलं नसेल तर ट्रॅकमधलं पाणी तिथून थेट खालच्या भिंतीत उतरतं. ट्रॅकला वरून आरपार मारलेले स्क्रूही तसेच. हे दोन्ही ट्रॅक कोरडा करून आतून भरता येतं, बाहेर वाकावं लागत नाही. खिडकीचा उंबरा बाहेरच्या अंगाला ढाळ देऊन बसवलेला असावा, आत कललेल्या दगडाला कोणतंही सीलंट पुरत नाही.

गळती शोधायची तर अंदाजाने नव्हे, पाण्याने. पाइप घेऊन खिडकीखालच्या भिंतीपासून सुरुवात करावी, दहा मिनिटं पाणी सोडावं, आत कोणाला तरी टॉर्च घेऊन उभं करावं. काही नाही आलं तर उंबरा, मग बाजू, मग वरची कड, सगळ्यात शेवटी छज्जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. ओल जिथे दिसते तिथूनच पाणी शिरलं असेल असं नाही. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यातून आलेलं पाणी गिलाव्यामागून उतरून खिडकीच्या कोपऱ्यात दिसतं. तिथे सीलंट उपयोगाचं नाही, गवंड्याकडून सांध्यावर सिमेंटचा गोलसर वाटा मारून घ्यावा लागतो.

आतल्या बाजूने पट्टी मारण्याची सवय तर सोडूनच द्यावी. पाणी भिंतीत शिरलेलंच असतं, आपण फक्त त्याचं आतलं तोंड बंद करतो. ते भिंतीत मुरतं आणि बाजूच्या प्लगच्या खाली किंवा खालच्या फ्लॅटच्या छतात निघतं. लोक आतून का करतात ते कळतं: आठव्या मजल्यावर बाहेरून करायला परांची किंवा दोरीवर उतरणारा माणूस लागतो. पण ग्रिलमधून अर्धं अंग बाहेर काढून हे काम करू नये आणि कोणाकडून करवूनही घेऊ नये. दोरीवरच्या माणसाला कामाची दोरी आणि जिवाची दोरी वेगळी, दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेली असायला हवी. ते आपण स्वतः गच्चीवर जाऊन पाहावं.

म्हणूनच हे काम एकट्या घराने करण्यापेक्षा इमारतीने मिळून केलेलं स्वस्त आणि नीट होतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची बाहेरून होणारी गळती संस्थेच्या खर्चाच्या दुरुस्तीत धरली आहे. खिडकी सभासदाची, भिंत संस्थेची, आणि वाद नेमका त्या दोहोंमधल्या फटीवर होतो. सभासदाने खिडकी पुढे सरकवली असेल, मूळ चौकट बदलली असेल, तर संस्था हात वर करू शकते, आणि तेव्हा तिचं म्हणणं अगदीच गैर नसतं. बाकीच्यांनी मात्र लेखी अर्ज द्यावा. काम मेच्या घाईत काढू नये. तेव्हा कारागीर मिळत नाहीत, भिंती तापलेल्या असतात आणि ढग आले की उरकाउरकी होते. दिवाळीनंतर भिंती वाळू लागतात, हवा मऊ असते, फेब्रुवारीपर्यंत हाताशी वेळ असतो. पावसाळा चालू असतानाच प्रत्येक खिडकीच्या ओलीचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत, आणि खडूने भिंतीवर ओलीची कडही आखावी. संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तेव्हा ओल अजून भिंतीवर असते. ठराव त्याच सभेत मांडावा आणि अंदाजपत्रकात बॅकर रॉडची ओळ वेगळी लिहून मागावी.